आवाज बंद होता तेव्हा मला तो म्हातारा अजिबात आवडला नव्हता

माझा धाकटा भाऊ एडिटिंग करतो. म्हणजे पोटापाण्यासाठी कंपन्यांचे व्हिडिओ कापतो आणि जीव रमवायला मित्रांच्या शॉर्टफिल्म्स. दोनेक महिन्यांपूर्वी त्याने मला एका १८ मिनिटांच्या फिल्मची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, 'ताई, साऊंड बाकीये, नुसतं बघ आणि काय वाटतं ते सांग'. मी तशीही त्याची फुकटातली प्रेक्षक, त्यामुळे लगेच बघितली.

एक म्हातारा मुलाच्या घरी राहायला आलाय. कोणाशी धड बोलत नाही. रात्री सगळे झोपले की हा उठतो, अंधारातून चालत नातवाच्या खोलीपाशी जातो, दार ढकलतो आणि तिथेच उभा राहतो, बराच वेळ, मग परत येऊन पडतो. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री तो आत जातो, पोराच्या तोंडापर्यंत वाकतो, आणि तेवढ्यात सून दारात येते. चौथ्या मिनिटाच्या आसपास मध्येच एक काळी पाटी होती, त्यावर 'इथे फ्लॅशबॅक' एवढंच लिहिलेलं, कारण तो भाग शूटच व्हायचा होता.

मी लिहिलं, म्हातारा विकृत वाटतोय रे, बघताना अंगावर काटा आला, शेवटी त्याला पोलिसात देणार का?

त्याने नुसते हसण्याचे इमोजी पाठवले. चार दिवसांनी दुसरी लिंक आली. तोच कट, एक फ्रेम इकडची तिकडे नाही, काळी पाटीसुद्धा तशीच, फक्त आता आवाज होता. म्हातारा उठतो, खाट वाजते, त्याचे पाय फरशीवर घासल्यासारखे, लांब फ्रिजची घूंऽऽ, आणि दार ढकललं की त्या सगळ्याच्या मधून एक बारीक घरघर. पोराच्या छातीतली. कॅमेरा म्हाताऱ्याच्या पाठीमागे आहे, पोरगं तिकडे लांब पलंगावर, पण श्वास मात्र इतका जवळ ऐकू येतो की जणू माझ्याच कानाशी कोणी झोपलंय. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की हा बघत नाहीये, हा ऐकतोय. श्वास मोजतोय. घरघर सरळ चालू आहे असं वाटलं की परत फिरतो. आणि तिसऱ्या रात्री तो श्वास अडकतो, एक सेकंद काहीच येत नाही, तेव्हा तो आत जातो.

मी लॅपटॉपसमोर बसून रडले, आणि चार दिवसांपूर्वी याच माणसाला पोलिसात द्यायला निघाले होते.

तर त्यानंतर हे डोक्यात बसलंय की सिनेमातलं एखादं पात्र 'मला कळलं' असं आपण म्हणतो तेव्हा ते कळलेलं असतं डोळ्यांना की कानांना? कारण आपण भांडतो सगळं डोळ्यांच्या बाजूने. अमक्याचा अभिनय बघ, डोळे बघ त्याचे. आणि इकडे कानाने आधीच निकाल देऊन टाकलेला असतो.

भावाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, अगं माणसाचं सोड, त्रिकोणाबद्दलसुद्धा असंच होतं. मला वाटलं चेष्टा करतोय, पण खरंच आहे. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी ॲनिमेशन फिल्म केली होती, त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि उघडझाप होणारं दार असलेली एक चौकट, बस एवढंच, ते नुसते इकडून तिकडे सरकतात, पण बघणारे सांगायला लागले की मोठा त्रिकोण दादागिरी करतो, वर्तुळ बिचारं घाबरलंय. (यूट्यूबवर आहे, बघा. मी मोठ्या त्रिकोणावर खरोखर चिडले.) मग १९८८ मध्ये सँड्रा मार्शल आणि ॲनाबेल कोहेन यांनी असल्याच फिरत्या आकृत्यांना वेगवेगळं संगीत लावून लोकांना दाखवलं, आणि संगीत बदललं की त्या आकृत्यांबद्दलची लोकांची मतं बदलली. ज्याला तोंड नाही, भूतकाळ नाही, अशा त्रिकोणाचं चारित्र्य जर बॅकग्राऊंड म्युझिकने ठरत असेल तर आपल्यासमोर मोठ्या पडद्यावर एवढा थोरला चेहरा आहे, तिथे काय होत असेल!

पण मला संगीतापेक्षा नुसत्या आवाजांचं जास्त नवल वाटतं. संगीत आलं की आपण थोडे तरी सावध होतो, हां आता रडवणार हे लोक, असं कळतं. पावलं, श्वास, पंखा, दाराची कडी यांच्यावर कोणी संशय घेत नाही. भाऊ म्हणतो यातलं निम्मं नंतर स्टुडिओत बसून केलेलं असतं, पडद्यावर माणूस चालताना बघत बघत दुसराच कोणी बूट घालून चालतो, त्याला फोली म्हणतात, जॅक फोली नावाच्या माणसावरून पडलेलं नाव. त्याने मला एकदा टाइमलाइन उघडून दाखवली होती. एक माणूस खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधतोय, दहा सेकंदांचा शॉट. आधी नुसता रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा जो असतो तो आवाज, त्यावर माणूस नाडी बांधतोय, ठीक आहे, बांधू दे. मग त्याने वाकतानाचा एक हलका उसासा टाकला, तर माणूस थकलेला झाला. उसासा काढून शेजारच्या खोलीतलं भांडण बारीक आवाजात टाकलं, तर माणूस घर सोडून निघालेला झाला. मग तेही काढून नाडीचाच आवाज मोठा केला, ती ताणल्याची करकर, आणि शप्पथ सांगते, तो माणूस कोणाचा तरी गळा दाबायला निघालाय असं वाटलं. शॉट तोच. नट बिचारा दहा सेकंद फक्त नाडी बांधत होता.

चित्र बदलून हे होतं ते बहुतेकांना माहीत असतं, कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा तो प्रयोग, नटाचा चेहरा तोच, पण पुढे सूप, शवपेटी वगैरे दाखवलं की त्याच्यावरचा भाव वेगळा वाटतो. आवाजाचं मात्र इतकं कोणी शिकवत नाही.

यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण 'द गॉडफादर' (१९७२) मधलं. हॉटेलातला सीन. मायकल, जो तोवर घराच्या धंद्यापासून लांब राहिलेला, सज्जन, सैन्यातून आलेला मुलगा आहे, तो दोन माणसांसमोर टेबलाशी बसलाय आणि त्यांना मारायचं आहे. समोरचा इटालियनमध्ये बोलत राहतो, त्याला सबटायटल्स दिलेलीच नाहीत, म्हणजे शब्दांकडे लक्ष द्यायची सोयच ठेवली नाही. संगीतही नाही. आणि मग एक ट्रेन येते. दिसत नाही कुठेच, फक्त रुळांवरचा चरचराट वाढत जातो, वाढत जातो, हॉटेलात बसलेल्या माणसाला ऐकू येईल त्याच्या कितीतरी पलीकडे, आणि आपण मायकलचे डोळे बघत असतो. ती ट्रेन त्याच्या डोक्यातून जातेय. वॉल्टर मर्च या माणसाचं हे काम. संगीत येतं ते गोळ्या झाडून झाल्यावर, पिस्तूल हातातून खाली पडल्यावर.

आता विचार करा, हा माणूस जेवणाच्या टेबलावर दोघांचा खून करतो आणि आपण त्याला माफ करतो. नुसतं माफ नाही, आपण त्याच्या बाजूने घाबरलेले असतो, की जमेल ना याला? का? कारण आपण त्याच्या कानात बसलोय. समोरच्या दोघांच्या कानात काय चाललंय ते आपल्याला माहीतच नाही. माझं मत असं झालंय की सिनेमा ज्याच्या कानात आपल्याला बसवतो त्याचा गुन्हा आपल्याला अडचण वाटतो, आणि ज्याला आपण नुसतं बाहेरून बघतो त्याची अडचणसुद्धा गुन्हा वाटते. त्या म्हाताऱ्याच्या बाबतीत माझं हेच झालं होतं.

उलटंही करता येतं, म्हणजे आवाज काढून घ्यायचा. 'पथेर पांचाली' (१९५५) मध्ये बाप बऱ्याच दिवसांनी घरी येतो, मुलीसाठी साडी आणलेली आहे, ती बायकोच्या हातात देतो, आणि मुलगी गेलेली आहे हे त्याला अजून माहीत नाही. आई कोसळते, तोंड उघडतं, आणि आपल्याला तिची किंकाळी ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई येते. (नावात शहनाई आहे पण फुंकायचं वाद्य नाही ते, गज फिरवून वाजवायचं तंतुवाद्य आहे, मला हे फार उशिरा कळलं.) रडण्याचा खरा आवाज असता तर आपण एका बाईचं दुःख बाहेरून बघितलं असतं, शेजाऱ्यांसारखं. आवाज काढल्यावर ते रडणं पूर्ण करायचं काम आपल्यावर येतं. आणि 'सैराट'चा (२०१६) शेवट. अडीच-पावणेतीन तास गाणी, वाद्यवृंद, थिएटर दणाणून सोडलेलं, आणि शेवटी ते लहान पोर रडतंय आणि आवाजच नाही. थिएटरमध्ये माझ्या मागच्या रांगेतल्या कोणाची तरी पिशवी वाजली तर लोक वळून बघायला लागले होते. त्या पोराने सिनेमात काहीही केलेलं नाही, त्याला डायलॉग नाही, त्याची ओळख होऊन काही मिनिटं झालीत, आणि तरी घरी जाताना सगळे त्यालाच घेऊन गेले.

बरं, आता फ्लॅशबॅक. भावाच्या फिल्ममधली ती काळी पाटी.

मला आधी वाटायचं फ्लॅशबॅक म्हणजे माहिती. आधी काय झालं ते सांगायचं असतं म्हणून दाखवतात. पण माहितीच द्यायची असेल तर एक माणूस दुसऱ्याला दोन वाक्यांत सांगू शकतो की. फ्लॅशबॅक खरं तर वकील असतो. अमुक एका आरोपीसाठी उभा राहिलेला. आणि वकील काय बोलला याच्या इतकंच तो कधी उभा राहिला यालाही महत्त्व असतं.

'शोले' (१९७५) घ्या, कारण तो सगळ्यांनी बघितलाय आणि तरी यातली ही गंमत फार कमी जणांच्या लक्षात येते. होळीच्या दिवशी गब्बर गावावर चालून येतो, जय-वीरू अडकतात, ठाकूरच्या पायाशी बंदूक पडलेली आहे आणि ठाकूर ती उचलत नाही. नुसता उभा. शाल पांघरून. त्या क्षणी आपण ठाकूरवर चिडलेले असतो, नक्की असतो, कारण ज्या दोघांशी आपली सिनेमाभर दोस्ती झालीये त्यांच्याशी याने दगाबाजी केली असं वाटतं. ते दोघंही त्याला तोंडावर सुनावतात. आणि मग फ्लॅशबॅक. घरची माणसं, अंगण, झोपाळा, गब्बरचं येणं, आणि त्या सगळ्यात झोपाळ्याची ती करकर, जी ऐकताना आपल्याला कोणीही काही न सांगता कळतं की आता काय होणार. मग ठाकूरचं येणं, चादरीखाली ओळीने झाकलेली माणसं, त्याचं चवताळून एकट्याने जाणं, दोन्ही हात बांधलेले, तलवारी खाली येतात, आणि आपण पुन्हा आजमध्ये, वाऱ्याने शाल उडते.

यात ठाकूर सज्जन आहे हे आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं. त्यासाठी फ्लॅशबॅकची गरज नव्हती. फ्लॅशबॅकने केलं काय, तर आपल्याला लाजवलं. दोन मिनिटांपूर्वी आपण ज्या माणसाला मनातल्या मनात भेकड म्हणालो त्याला हातच नाहीत. आता हाच भाग सिनेमाच्या सुरुवातीला ठेवून बघा. ठाकूरची कीव आली असती, शेवटापर्यंत. पण कीव आणि ही लाज यात फार फरक आहे, कीव करणारा वर उभा असतो, लाजलेला माणूस खाली. आधी आपल्याकडून चूक करवून घ्यायची आणि मग पुरावा दाखवायचा, म्हणजे त्यानंतर आपण त्या पात्राचे देणेकरी होतो. जे काय तो मागेल ते त्याला द्यायला तयार.

आणि राधा. तिच्याबद्दल आवाजाच्या बाजूने कोणी बोलत नाही. सिनेमाभर ती जवळजवळ गप्प, पांढऱ्या साडीत दिवे मालवत फिरणारी, आणि लांबून जयचा माऊथऑर्गन. मग एका छोट्याशा फ्लॅशबॅकमध्ये हीच बाई बडबडी, खिदळणारी, रंगात न्हालेली दिसते. तो फ्लॅशबॅक मुळात तिचा आवाज ऐकवायला आहे असं मला वाटतं. तो ऐकून परत आलं की तिचं गप्प राहणं आधीसारखं राहत नाही, आधी ते नुसतं शांत होतं, आता त्यात एक आवाज गायब आहे.

माऊथऑर्गनवरून आठवलं, ज्यांना आवाज आणि फ्लॅशबॅक एकमेकांत कसे विणतात ते एकाच ठिकाणी बघायचं असेल त्यांनी सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) बघावा. (बघायचा असेल तर पुढचा पॅरा सोडा, शेवट सांगतेय.)

त्यात एक माणूस आहे, नाव सांगत नाही, प्रश्न विचारला तर उत्तराऐवजी माऊथऑर्गन वाजवतो. सूर कसले, नुसतं रडगाणं, श्वास आत-बाहेर केल्यासारखं, ऐकायला कसंतरीच होतं. पहिल्यांदा वाटतं ही हिरोची स्टाईल असेल, एंट्रीचं म्युझिक असतं तसं. मधूनमधून त्याच्या डोळ्यांसमोर एक धूसर आकृती चालत येताना दिसते, फोकसमध्ये येतच नाही. अगदी शेवटी, समोरासमोर उभे राहिल्यावर, ती आकृती स्पष्ट होते. तो व्हिलनच आहे, तरुणपणचा. कमानीला फास लटकलाय, फासात मोठा भाऊ, आणि तो उभा आहे लहान भावाच्या खांद्यावर, आणि व्हिलन हसत त्या लहान पोराच्या तोंडात माऊथऑर्गन कोंबतो. पोराच्या पायातलं बळ जाईपर्यंत मोठा भाऊ जिवंत. म्हणजे आपण तीन तास जे ऐकत होतो ती धून नव्हती, ते गुदमरणं होतं. एन्नियो मोरिकोनेने हे संगीत शूटिंगच्या आधीच तयार केलं होतं आणि सेटवर ते वाजवत शूट करायचे. मला यातलं भारी काय वाटतं, तर फ्लॅशबॅक येण्याआधीच आपण तो ऐकलेला आहे. चित्र आलं तेव्हा कान म्हणाले, हां, हे मला माहीत होतं. आणि मरताना व्हिलनच्या तोंडात तोच माऊथऑर्गन जातो, त्याचाही शेवटचा श्वास त्याच्यातूनच वाजतो.

कान इतके भोळे असतात म्हणून फसवणूकही सोपी. हिचकॉकने १९५० मध्ये 'स्टेज फ्राइट'मध्ये एक आख्खा फ्लॅशबॅक खोटा दाखवला, पात्र खोटं बोलतंय आणि ते आपण डोळ्यांनी घडताना बघतोय, आणि लोक चिडले. पुढे त्याने स्वतःच ती चूक होती असं कबूल केलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी कुरोसावाचा 'राशोमोन' आला, ज्यात एकाच घटनेच्या चार साक्षी आहेत, एकमेकींशी न जुळणाऱ्या, आणि तिथे कोणाला फसवल्यासारखं वाटलं नाही, कारण तिथे आपण कोर्टात बसलोय हे आधीच सांगितलंय. तरीसुद्धा त्या बाईच्या साक्षीला बोलेरोसारखं घुमत चढत जाणारं संगीत आहे आणि ते चालू असेपर्यंत मी तरी तिचंच खरं धरते. साक्षीदार चार, पण ढोल एकीच्याच मागे.

याच्या उलट 'जॉज' (१९७५). शार्क आली की ती दोन सुरांची धडधड. पण मधे दोन पोरं शार्कच्या पाठीवर असतो तसा पुठ्ठ्याचा पंख पाण्यावर फिरवून लोकांना घाबरवतात, तेव्हा ते संगीत वाजतच नाही. किनाऱ्यावरचे लोक फसतात, पण ज्याने कान उघडे ठेवले तो फसत नाही. अशी इमानदारी मला फार आवडते.

आणि आता माझी तक्रार. हल्ली जे चाललंय ना, दर व्हिलनला आठव्या-नवव्या मिनिटाला एक दुःखी बालपण, ते पाहून मला वीट आलाय. पिवळसर रंग, एक लहान मूल जिन्यात बसलंय, वरच्या मजल्यावर भांडी फुटतायत, आवाजाला एवढा एको की विहिरीतून बोलतायत असं वाटावं, आणि मग पियानो. टिंग. टिंग. सिरीजमध्ये तर हे ठरलेलंच, एक आख्खा एपिसोड त्याच्या लहानपणाचा. मला मान्य आहे, माणूस आभाळातून पडत नाही, पण वकील एवढ्या लवकर उभा राहिला की मी अजून आरोपच नीट ऐकलेला नसतो. चिडायलाच दिलं नाही तर माफ काय करू? आणि त्यात पियानो वाजवून वरून मलाच सांगायचं की बघ, आता तुला वाईट वाटतंय. नाही वाटत बाबा. भूक लागलीये.

भाऊ म्हणतो मी फार खडूस झालेय. असेन.

पण त्यांच्या फिल्मचं नेमकं हेच होऊ घातलं होतं. डिरेक्टरने फ्लॅशबॅक शूट केला. चांगला केला होता, उगाच नावं ठेवणार नाही. तरुण बाप, रात्र, कंदील, पलंगावर एक छोटी मुलगी, तिची घरघर, बाप उशाशी बसल्याबसल्या पेंगतो, आणि डोळे उघडतो तेव्हा खोलीत आवाज नाही. एवढंच. म्हणजे दमेकरी मुलगी आणि बापाला लागलेला डोळा. डिरेक्टरला तो चौथ्या मिनिटालाच हवा होता, पाटी होती तिथेच, म्हणजे म्हणे म्हाताऱ्याला कोणी गैरसमजून घेणार नाही. भाऊ म्हणत होता गैरसमजच तर करून घ्यायचाय, पंधराव्या मिनिटाला टाकू, सून ओरडल्यावर. चार-पाच दिवस दोघं भांडले. मला दोन्ही कट पाठवले. पहिल्यात मी म्हाताऱ्याची कीव केली आणि मधे दोनदा फोन बघितला. दुसऱ्यात सून ओरडली तेव्हा मी सुनेच्या बाजूने होते आणि पुढच्या मिनिटाला तोंडघशी पडले, शोलेसारखीच. पण त्यात व्हायोलिन होतं, आणि ते व्हायोलिन सुरू झालं की माझ्यातला खडूसपणा जागा व्हायचा. मी तसं सांगितलं. डिरेक्टरला ते आवडलं नाही, ते साहजिक आहे, त्याने वाजवणाऱ्याला पैसे दिले होते.

मग तीन आठवडे काहीच नाही. मी विसरूनही गेले.

मागच्या रविवारी फायनल कट आला. प्ले केलं तर पडदा काळा. मला वाटलं फाईल बिघडली. काळाच. मग आवाज, खोलीचा, लांब कुठेतरी रातकिडे, आणि एका लहान मुलीचा श्वास, ती घरघर, आत, बाहेर, आत, बाहेर. खुर्चीची लाकडी कुरकुर, कोणीतरी जड झालेली मान सावरतंय असं. श्वास. श्वास. आणि मग नाही. रातकिडे चालूच. काळ्या पडद्यावर दहा सेकंद असतील, कितीतरी जास्त वाटले. मग नाव, आणि म्हातारा बॅग घेऊन मुलाच्या दारात.

आख्खा फ्लॅशबॅक काढून टाकला होता. दिसतच नाही कुठे. कंदील नाही, तरुण बाप नाही, व्हायोलिन तर नाहीच. त्या मुलीचा चेहरा फिल्ममध्ये एकदाही येत नाही. फक्त तो आवाज, तोही सुरुवातीलाच, जेव्हा आपल्याला तो कोणाचा, कशाचा, काहीही माहीत नसतं. पहिल्या रात्री म्हातारा नातवाच्या दारात उभा राहतो, आतून घरघर येते, आणि डोक्याच्या मागे कुठेतरी हलतं, की हे मी ऐकलंय. पण नेमकं जुळत नाही, म्हणून संशय राहतोच. दुसऱ्या रात्री जरा जास्त जुळतं. तिसऱ्या रात्री श्वास अडकतो तेव्हा म्हाताऱ्याच्या आधी मी खुर्चीतून उठले होते. सून ओरडते, दिवा लागतो, म्हातारा पोराला उचलून पाठ चोळतोय, आणि कोणी कोणाला काही समजावून सांगत नाही. सून मुलाला त्याच्या हातातून घेते. तिला काही माहीत नाही, मला माहीत आहे, आणि मी तिला सांगू शकत नाही.

मी भावाला रात्री साडेअकराला फोन केला. म्हटलं, ती मुलगी कुठून आणली रे तुम्ही, एवढी छोटी, आणि तिला बिचारीला खरंच दमा आहे का, रेकॉर्डिंगला त्रास नाही ना झाला?

तिकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, 'ताई, तो मी आहे.'

'काय?'

'मला सर्दी झाली होती गं मागच्या महिन्यात, छाती पण भरली होती. म्हटलं वाया कशाला घालवा. कपाटात कपड्यांमध्ये माईक घेऊन बसलो रात्री दोनला. मग पिच जरा वर केला.'

'आणि नातवाचा?'

'तोही मीच. सर्दी आठवडाभर होती.'